चिंचेभोवतीचा भराव

बाग म्हटली की लोकांना फुलं दिसतात. फार तर गुडघ्यावर बसून रोपं लावणारा माळी दिसतो. त्याच्याही आधी तिथे कोणीतरी येऊन ओबडधोबड जमीन उकरून, खड्डे बुजवून, पाणी घरात न शिरता रस्त्याकडे जाईल असा ढाळ देऊन गेलेलं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं. असल्या बिननावाच्या कामात ज्यांनी पस्तीस वर्षं घालवली, त्यांना सगळे सूतमामा म्हणत. खुंट्या ठोकून त्यांना सूत बांधल्याशिवाय या माणसाने कधी खोदाईच्या मशीनची बकेट जमिनीला लावली नाही, म्हणून सूतमामा.

त्यांची कामाची रीत पाहिली की घरमालकांना घाम फुटायचा. मशीन फाटकाबाहेर उभं करायचं, चपला काढायच्या आणि आख्ख्या जागेत अनवाणी फिरायचं. चढ-उतार तळपायाला आधी कळतो म्हणत. मग खुंट्या, मग सूत, मग पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी. हे सगळं होईपर्यंत मालकाचा चहा थंड झालेला असे आणि डोकं तापलेलं.

"अहो मामा, खोदणार कधी?"

"खोदायला काय लागतं, साहेब? एका दिवसात तळं करून देतो. मग बसा बुजवत."

वरची वीतभर चांगली माती ते सायीसारखी काढून एका बाजूला ढीग लावत, त्यावर ताडपत्री घालत. मग खालचा मुरूम हवा तसा कापायचा, भरायचा, रोलर फिरवून दाबायचा, आणि शेवटी ती साय परत वर पसरायची. घाईत जे दोन्ही मातींचा काला करतात, त्यांच्याविषयी मामा जे बोलत ते लिहिण्यासारखं नाही.

आणि झाडांच्या बाबतीत तर ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. जुनं झाड ठेवायचं असेल तर त्याच्या सावलीएवढं वर्तुळ चुन्याच्या फक्कीने आखायचं आणि त्यात मशीनचं चाकसुद्धा जाऊ द्यायचं नाही. भोवती भराव टाकायचाच असेल, तर आधी खोडापासून लांब दगडांचं कडं रचायचं, म्हणजे माती कड्याबाहेर राहील आणि झाड आपल्या जुन्या जमिनीतच उभं राहील. एकदा एका बंगल्यावर इंजिनीअरने हुकूम सोडला की कडं वगैरे काही नको, हिरवळ थेट खोडाला भिडली पाहिजे. मामांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि केबिनमध्ये बसून राहिले.

"झाडाचं नाक वरच्या हातभर मातीत असतं, साहेब. त्याच्यावर आणखी माती टाकली की ते गुदमरतं. लगेच मरत नाही, तेच वाईट. दोन-तीन वर्षं मरत बसतं. तोवर तुम्ही आम्ही कुठे असतो? म्हणून कुणाला कळत नाही की आपणच मारलं."

दुपारपर्यंत इंजिनीअर नमला. कडं झालं आणि ते झाड आजही हिरवंगार आहे.

हे एवढं पाल्हाळ लावलं, कारण मामांना सगळं माहीत होतं. पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणी म्हणू नये. मामा स्वतः तर कधीच म्हणाले नाहीत.

त्यांचं घर वस्तीच्या टोकाला, उताराच्या माथ्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे तीस फुटांचं अंगण, दारापासून सुरू होऊन खालच्या कोपऱ्यापर्यंत साडेतीन फूट उतरत गेलेलं. कोपऱ्यात चिंच. घर बांधलं तेव्हाच ती दोघांच्या कवेत मावत नव्हती. जगाची अंगणं सारखी करणाऱ्या माणसाने आपलं अंगण मात्र वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं, आणि मामींना तेवढाच विषय पुरे.

"लोकांचं सगळं सुतात," मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "आणि आमच्याकडे घसरगुंडी. या, बसा, फक्त गडगडू नका."

खरं म्हणजे मामींना तो उतार सोयीचाच होता. एका शिंप्याच्या दुकानासाठी त्या काजं करत, बटणं लावत. दुपारचं काम उरकलं की कपड्यांचं गाठोडं घेऊन चिंचेखाली जायचं, खोडाला पाठ लावायची आणि उतारावर पाय लांब सोडायचे. हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड. मामांचा जुना दोस्त डंपरवाला, जो वाहतूक पोलिसालाही बोलण्यात गुंडाळायचा, तोसुद्धा मामींपुढे हात टेकत असे.

एका सकाळी मामींच्या हातातून सुई पडली. उचलायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. सहा आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या बोलक्या बाईच्या पदरात चार शब्द उरले होते. हो. नको. अहो. आणि तिकडे.

'तिकडे' म्हणजे चिंच. डाव्या हाताने मागच्या दाराकडे बोट करायच्या आणि दिवसातून वीस वेळा म्हणायच्या, "तिकडे."

पहिले काही दिवस मामांनी त्यांना उचलून नेलं. एकदा ओल्या मातीवरून पाय सटकला आणि दोघं कोपऱ्यापर्यंत घसरत गेली. मामींच्या कमरेला मार बसला, महिनाभर कुशीवर वळता येईना. परगावी नांदणारी लेक धावत आली. येताना चाकांची खुर्ची घेऊन आली आणि बापाला खडसावून गेली.

"बाबा, आईला पुन्हा उचलायचं नाही. तुमचं वय काय, तिची अवस्था काय. शप्पथ आहे तुम्हाला."

खुर्ची आली, पण अंगणाचा उतार काही खुर्चीचा नव्हता. मामी दारातल्या उंबरठ्याशी बसायच्या आणि तीस फुटांवरच्या झाडाकडे बघत राहायच्या. नवा शब्द नाही तो नाहीच, वरून जेवणही कमी झालं. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. मामींचा लुळा हात आपल्या हातात घेऊन त्या खांद्यापासून बोटांपर्यंत चोळत आणि म्हणत, "उचला मामी, उचला." मामी मान फिरवायच्या. बाई जाताना मामांना हळूच म्हणाल्या, "मन लागलं पाहिजे यांचं कशात तरी. नाहीतर आपण नुसते हात चोळत बसू."

मामांच्या डोक्यात त्याच दिवशी अंगणाचं गणित सुरू झालं. खुर्चीसाठी उतरण बांधावी म्हटलं तर फुटाला बारा फूट, म्हणजे साडेतीन फुटांसाठी बेचाळीस फूट लांबी हवी, आणि अंगण तीसच फूट. वळण घेऊन जमली असती. पण मामांनी त्यावर फार विचार केला नाही, कारण त्यांच्या धंद्यात माती फुकट मिळते. एका जागी खोदलेली माती दुसरीकडे नेऊन टाकायचीच असते, कुणी 'इकडे टाका' म्हणालं तर खोदणारा उलट दुवा देतो. ज्याने आयुष्यभर खड्डा दिसला की भराव आणला, त्याला उतार दिसल्यावर दुसरं काय सुचणार?

डंपरवाल्याने एका नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातली काळी चिकण माती आणायची ठरवली. मामांनी आधी कुंपणाच्या भिंतीला आतून दगडांचा आधार दिला. खुंट्या ठोकल्या, सूत बांधलं. चिंचेभोवती फक्कीने वर्तुळ आखलं, सावलीएवढं अंगणात मावणार नव्हतं म्हणून खोडापासून चहूबाजूंनी पाच फूट, आणि कड्यासाठी दगडही आणून टाकले. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं.

मग त्यांना वाटलं, मामींना दाखवावं. त्यांनी दाराशी माती पसरून वरच्या अंगाला थोडी सपाटी केली होती, तिथून पुढे फळ्या टाकल्या, डंपरवाल्याने एका बाजूने खुर्ची धरली आणि दोघांनी मिळून ती वर्तुळाच्या रेघेपर्यंत नेली.

"हे बघ," मामा म्हणाले, "इथपर्यंत खुर्ची येईल. रोज. सावलीतच बसशील."

मामींनी डावा हात लांब केला. खोड पाच फुटांवर होतं. हात हवेत तसाच राहिला.

"तिकडे."

"अगं, इथेच तर आहे. एवढं जवळ."

"तिकडे," मामी म्हणाल्या. मग त्यांनी तो हात मागे नेला आणि खुर्चीच्या पाठीमागे चाचपला, टेकायला काही लागतंय का ते बघत. काही लागलं नाही. दवाखान्यातसुद्धा न रडलेली ती बाई तिथे रडायला लागली.

मामा वाकले आणि कड्यासाठी आणलेला पहिला दगड उचलून कुंपणाशी नेऊन टाकला. मग दुसरा.

डंपरवाला बघतच राहिला. "मामा, कडं?"

"नको."

"अहो पण झाड—"

"चिंच आहे ती. चिवट असते," मामा म्हणाले. "तू माती घेऊन ये."

पस्तीस वर्षांत दुसरं कुणी असं बोललं असतं तर मामांनी त्याला साइटवरून हाकलून दिलं असतं.

बारा डंपर लागले. चिंचेच्या बुंध्याशी तीन फूट भराव झाला आणि खालच्या कोपऱ्याच्या बाजूला त्याहून जास्त. नुसती भुसभुशीत माती टाकून भागणार नव्हतं, खुर्चीची चाकं रुतली असती. म्हणून मामांनी थर देऊन देऊन रोलर फिरवला. जमीन अशी दाबली की पहार मारली तर खण्णकन वाजावी. वरून हिरवळ लावली, धूळ उडू नये म्हणून रोज पाणी. एका झाडाला मारायचं म्हणून कुणी बेत आखला असता तर याहून चांगला आखता आला नसता. पण पहिल्या दिवशी खुर्ची दारातून निघाली ती एक गचका न खाता थेट खोडापर्यंत गेली. मामींनी पाठ टेकली आणि डोळे मिटले, आणि मामांना आपल्या हातून झालेल्या सगळ्या कामांत हेच सर्वांत सरस वाटलं.

आणि मामी बोलायला लागल्या. एकदम नाही. आधी 'वारा' आला. मग 'पान'. मग मामांच्या हातात चहाचा पेला बघून 'गरम?' असं विचारलं तेव्हा मामांनी पेला खाली ठेवून तोंड फिरवलं आणि नाक पुसलं. व्यायामाच्या बाईही आता चिंचेखालीच यायच्या. मामी डावा हात खोडावर ठेवून उजवा उचलायचा प्रयत्न करायच्या. वर्ष सरता सरता उजवा हात मांडीवरून वीतभर उठायला लागला. लेक फोनवर आईचे तीन-तीन शब्द ऐकून हसायची आणि रडायची. डंपरवाल्याला मामींनी 'जाड्या' म्हटलं, तेव्हा तो आख्ख्या वस्तीत सांगत सुटला, जणू पदवी मिळाली.

दुसऱ्या वर्षी चिंचेची नवी पालवी आली ती बारीक आली.

दुसऱ्या कुणालाही ते दिसलं नसतं. मामांना मात्र पहिल्याच दिवशी दिसलं. पुढे पानं पिवळी पडायला लागली, तीसुद्धा खालच्या कोपऱ्याच्या बाजूला, जिथे भराव जास्त होता. बंगल्यांच्या कामावर ज्याच्याबरोबर अनेक वर्षं काढली त्या म्हाताऱ्या माळ्याला मामांनी बोलावून आणलं. मामी आत झोपल्या होत्या.

माळ्याने बुंध्यापासून थोडं लांब पहारीने भोक पाडलं, आतली चिमूटभर माती काढून नाकाशी धरली आणि मामांपुढे केली. माती आंबली होती. तुंबलेल्या मोरीचा वास येत होता.

"हे तुम्ही केलं?" माळी म्हणाला. "तुम्ही?"

मामांनी ती माती बोटांत चुरली.

"तुम्ही माझ्या हातून एकदा वीतभर माती खोडाशी पडली तर आई-बहीण काढली होती माझी. उतरण का नाही बांधली? खांबांवर वळणाची बांधली असती, तिच्याखाली जमीन मोकळी राहिली असती."

"काढली आता माती तर वाचेल?"

"कदाचित."

"कधीपर्यंत काढायला हवी?"

"आज."

माती काढायची म्हणजे पुन्हा तो उतार. पुन्हा मामी दारातल्या उंबरठ्याशी. त्याच आठवड्यात मामींनी पहिलं आख्खं वाक्य जोडलं होतं, 'अहो, आज वारा नाही.' मामांनी ठरवलं, एक महिना जाऊ दे. महिन्याने मामींचा हात खांद्यापर्यंत येईल असं बाई म्हणाल्या, म्हणून आणखी एक. मग लेक नातवंडांना घेऊन येणार होती, अंगण उकरून कसं चालेल? असं करत सहा महिने गेले. रोज सकाळी मामा दार उघडून आधी झाडाकडे बघत आणि मग मागे वळून बायकोकडे. दोघींपैकी एकीला वाचवायचं तर दुसरीला द्यावं लागणार, हे त्यांना कळत होतं. आणि कळूनही ते हिरवळीला पाणी घालत होते, कारण पाणी नाही घातलं तर मामी विचारायच्या, "पाणी?"

मग चिंचेची अर्धी बाजू वाळली. मामी खोडाला पाठ लावून बसल्या की त्यांच्या उजव्या हाताला येणारी. एका बाजूला हिरवा पाला, दुसऱ्या बाजूला नुसत्या काटक्या.

मामींनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग आपल्या लुळ्या हाताला डाव्या हाताने स्पर्श केला, आणि तोच हात नेऊन खोडावर ठेवला.

"त्यालाही... झालं," त्या म्हणाल्या.

मामांना वाटलं आता रडतील. मामी हसल्या. आपल्यासारखंच दुखणं झालेलं कुणी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर भेटावं, तसं. त्या दिवसापासून त्यांनी एक नवाच उद्योग सुरू केला. बाई जसा त्यांचा हात चोळत तशा त्या डाव्या हाताने झाडाची वाळलेली बाजू चोळायच्या, हात पुरेल तिथपर्यंत, आणि अडखळत म्हणायच्या, "उचल... उचल." मग स्वतःचा उजवा हात उचलून दाखवायच्या. बाईंना सांगायच्या, "दोघं... करतो." बाई कौतुकाने हसायच्या. मामा तिथून उठून आत जायचे आणि कारण नसताना भांडी घासायला घ्यायचे.

पुढे लेक आईला पंधरा दिवसांसाठी आपल्याकडे घेऊन गेली. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मामांनी फावडं घेतलं. मशीन लावलं नाही, मुळांना दात लागले असते. तीन दिवस एकट्याने हाताने खोदलं. भरावाच्या वरच्या थरात त्यांना बारीक बारीक मुळ्या सापडल्या. खाली श्वास मिळेना म्हणून झाडाने त्या सरळ वर सोडल्या होत्या, दाबलेल्या मातीतून वाट काढत. त्याही मेलेल्या. तीन फुटांवर जुनी जमीन लागली. जाड मुळांना हात लावला तर साल ओल्या कागदासारखी सुटून हातात आली, आतलं लाकूड काळं. मामांनी खोडाभोवती मुळामागून मूळ तपासलं. माळी आला, खड्ड्याच्या काठावर बसला.

"भरून टाका परत," तो म्हणाला. "आता काढून उपयोग नाही. निदान वहिनींना बसता येईल."

जी माती काढायला सहा महिने हात धजला नव्हता ती काढली, आणि मामी परत यायच्या आत मामांनी स्वतःच्या हाताने ती परत भरली, थर देऊन दाबली, हिरवळ बसवली. खुर्ची पूर्वीसारखीच गचका न खाता गेली.

तिसऱ्या वर्षी झाडाला पालवी आलीच नाही. एका दुपारी वाऱ्याने वाळकी फांदी मोडून खुर्चीपासून हातभर अंतरावर पडली. लेक फोनवर म्हणाली, "पाडून टाका बाबा. आईला सांगा, म्हातारं झालं होतं. तिला दुसरं काही सांगू नका."

सांगणं काही कठीण नव्हतं. लेकीने सांगितलं तेवढं बोलले असते तर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामी नेहमीप्रमाणे त्या मेलेल्या खोडाला चोळत बसल्या होत्या. चोळून चोळून त्यांच्या तळव्याची साल निघाली होती. "उचल," त्या म्हणत होत्या, "उचल ना," आणि घामाघूम झाल्या होत्या. मामांच्याने राहवलं नाही. ते खुर्चीपुढे हिरवळीवर बसले आणि त्यांनी तो हात धरला.

"सोड आता. त्याला तुझ्यासारखं झालेलं नाही."

"झालं," मामी म्हणाल्या.

"नाही गं. मी केलं ते. मी माती टाकली ना त्याच्यावर, त्यानं ते गुदमरलं."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागायचा. ओठ दोनदा हलले आणि थांबले. मग त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि मामांच्या खांद्यावर ठेवला.

"तुम्हाला... माहीत नव्हतं."

या बाईने, जिला एकेक शब्द ओढून आणावा लागत होता, आपल्या नवऱ्याला सुटायला वाट करून दिली होती. मान हलवायची होती, बस. पण आयुष्यभर लोकांच्या जमिनीतला बोटभर फरकही ज्याने खपवून घेतला नाही, तो आता स्वतःचं कसं खपवून घेणार?

"होतं," मामा म्हणाले. "सगळं माहीत होतं. कडं घालायला हवं होतं. दगडही आणले होते. पण कडं घातलं असतं तर तुझा हात पोचला नसता खोडापर्यंत. तू रडलीस. म्हणून नाही घातलं."

बोलून संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. स्वतःच्या डोक्यावरचं ओझं खाली ठेवायला गेले आणि नेमकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"मी... रडले," मामी म्हणाल्या.

"तसं नाही. अगं, तसं नाही म्हणत मी. चूक माझी."

"मी... म्हटलं. तिकडे."

"तुझी काही चूक नाही. ऐक ना."

मामींनी हात मांडीवर घेतला. वर झाडाकडे पाहिलं नाही, मामांकडेही नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आत."

मामांनी खुर्ची वळवली आणि आत नेली.

झाड पाडायला माणसं आली, दोन दिवसांत लाकूड घेऊन गेली. बुंधा मामांनी मशीन लावून उपटला, खड्डा भरला, दाबला. आता अंगणात अडसर म्हणून काही राहिलेलं नाही, दारापासून कुंपणापर्यंत खुर्ची हवी तिकडून नेता येते. मामी बाहेर न्या म्हणाल्या नाहीत. मामांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'नको' आलं. पुढे 'नको'ही आलं नाही. 'वारा' गेला, 'पान' गेलं, वाक्यं तर केव्हाच गेली. लेक फोन करायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकायची.

व्यायामाच्या बाई अजून येत होत्या. आता आतल्या खोलीत, पलंगाशेजारी. परवा त्यांनी मामींचा उजवा हात नेहमीसारखा हातात घेतला, खांद्यापासून बोटांपर्यंत चोळला.

"उचला मामी. मागे किती छान यायचा. उचला बघू."

मामी भिंतीकडे बघत होत्या. दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. त्यांनी मान वळवली आणि न अडखळता, पूर्वी बोलायच्या तसं स्वच्छ म्हणाल्या, "कशाला?"

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दारात उभ्या असलेल्या मामांना हाक मारली. "मामा, ऐकलंत का? नवा शब्द. आणि किती स्पष्ट."

"ऐकलं," मामा म्हणाले.